मदत हवी आहे: जुन्नर–नाणेघाट–हरिश्चंद्रगड–भंडारदरा, ग्रॅव्हल सायकलने तीन दिवस

गवताळवाट:
डिसेंबरमध्ये दोघं मिळून तीन दिवसांची सायकलसफर ठरवतोय. आराखडा असा: पहिल्या दिवशी जुन्नर ते नाणेघाट. दुसऱ्या दिवशी खिरेश्वर, टोलारखिंडीतून हरिश्चंद्रगड ओलांडून पाचनई, मुक्काम राजूर. तिसऱ्या दिवशी राजूर, रतनवाडी, साम्रद, घाटघर, शेंडी. शेवटी इगतपुरीहून रेल्वे. जमेल तितका कच्चा रस्ता आणि वाटेतली लेणी, देवळं पाहायची आहेत.

सायकल ग्रॅव्हल, म्हणजे कच्च्या रस्त्यासाठीची. तिला ७०० × ४० टायर, आत ट्यूब. पुढच्या चकत्या ५०/३४ दातांच्या, मागच्या ११ ते ३२ दातांच्या, मेकॅनिकल डिस्क ब्रेक. माझं वजन ७८ किलो, सायकल १२, सामान ७. दिवसाला ७० किमी जमेल. मार्गात काही चुकतंय का? हे गिअर पुरतील का? टायरमध्ये हवा किती ठेवावी?

सह्यचक्र:
दुसरा दिवस आधी बदला. टोलारखिंडीची रेघ नकाशावर दिसते, पण ती पायवाट आहे. खिरेश्वरकडून खिंडीपर्यंत जंगलातली चढण, आणि खिंडीनंतर गडाकडे जाताना सरळ कातळ, तिथं हातांनी धरून चढावं लागतं. सामान लावलेली एकोणीस किलोची सायकल तिथं खांद्यावर घेऊन जाणं धोक्याचं आहे. शिवाय गडाचा भाग कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथं सायकल गावरस्त्यावरच ठेवावी, पायवाटेवर घालू नये.

गडाला वळसा घाला. जुन्नरहून ओतूर, तिथून घाट चढून ब्राह्मणवाडा, कोतूळ आणि मग राजूर. हे साधारण ७० किमी होतात. बहुतेक डांबर, अधूनमधून उखडलेलं. ओतूरच्या पुढचा घाट सकाळीच संपवा, कारण त्यानंतर मुळेचं खोरं उतरून पुन्हा प्रवरेच्या खोऱ्यात चढायचं असतं. नकाशावर हा दिवस सोपा वाटतो, पाय मात्र इथंच संपतात.

हरिश्चंद्रगड पाहायचाच असेल (आणि पाहावाच: हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, केदारेश्वराच्या गुहेत थंड पाण्यात उभं लिंग, चार खांबांपैकी एकच शाबूत) तर एक जादा दिवस काढा. राजूर किंवा कोतूळहून पाचनईपर्यंत सायकल, गावात एखाद्या घरी विचारून ठेवायची आणि गड पायी. चढउतार आणि गड बघणं धरून सहा-सात तास लागतात. त्याच दिवशी पुढं सायकल चालवायचं ठरवू नका.

पहिला दिवस छान आहे. जुन्नरहून आपटाळे मार्गे घाटघरकडे जाताना चावंडच्या पायथ्याशी येता, तिथून पूर गावातलं कुकडेश्वराचं देऊळ जवळच आहे. कुकडी तिथंच उगम पावते, देवळावरचं कोरीवकाम बघायला अर्धा तास हाताशी ठेवा. हे जुन्नरचं घाटघर, तुमच्या तिसऱ्या दिवसाचं घाटघर वेगळं. ॲपमध्ये नाव टाकताना तालुका बघूनच निवडा. जाऊन येऊन साठ-पासष्ट किमी होतील. सामान जुन्नरच्या मुक्कामीच ठेवा, सात किलो विनाकारण वर नेऊ नका.

खडीकरण:
गिअरचं उत्तर आकड्यांतच देतो. तुमचा सगळ्यात हलका गिअर ३४/३२, म्हणजे १.०६. चाकाचा घेर २.२ मीटर धरला तर पेडलच्या मिनिटाला ६० फेऱ्यांनी ताशी ८.४ किमी वेग होतो. एकूण ९७ किलो वजन १० टक्के चढावर त्या वेगानं न्यायला साधारण २५० वॅट लागतात. तेवढे वॅट पाऊण तास टिकणं अवघड. पाय आपोआप ४०-४५ फेऱ्यांवर येतात आणि ताण गुडघ्यांवर जातो. मुरूम असेल तर अजून एक भानगड: दर फेरीला जोर एकदम पडतो, मागचं चाक जागेवर फिरतं आणि सायकल थांबते. चढावर उतरावं लागतं ते बहुतेक वेळा यामुळेच, दम संपल्यामुळे नाही.

स्वस्त उपाय म्हणजे मागे ११-३४ कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच). गुणोत्तर १ होतं आणि लागतात २३५ वॅटच्या आसपास. त्याआधी मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) लांब पिंजऱ्याचा आहे ना ते पाहा. मग चेन पुढच्या मोठ्या रिंगवर आणि मागच्या मोठ्या दातांवर चढवून बघा. डिरेलर पूर्ण ताणला जात असेल तर चेन तोकडी आहे. ती न बदलता निघालात तर एका चुकीच्या शिफ्टमध्ये हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) मोडेल. खर्चाची तयारी असेल तर पुढे ४६/३० क्रँक. ३०/३४ म्हणजे ०.८८, वेग ७ किमी, वॅट २०७. माझं मत विचाराल तर सामान घेऊन सह्याद्रीत फिरायला गुणोत्तर १ च्या खालीच हवं.

आता हवा. ट्यूब ठेवणार असाल तर पुढे ३८, मागे ४४ पीएसआय. यापेक्षा कमी ठेवली की रिम आणि खडीच्या मध्ये ट्यूब चिमटते आणि शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. ५५-६० भरलीत तर पंक्चर कमी होतील असं वाटतं, पण खडीवर टायर उड्या मारतो, पकड जाते आणि हात बधिर होतात. ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला टायर) केलंत तर पुढे ३२, मागे ३७.

गवताळवाट:
मार्ग बदलला, धन्यवाद. दोन उपप्रश्न. नाणेघाटातून थेट खाली वैशाखरेकडे उतरून यायचं असेल तर? एक ॲप तो रस्ता सायकलचा म्हणून दाखवतं. आणि ट्यूबलेस आत्ताच करून घ्यावं का?

सह्यचक्र:
नाही, उतरू नका. नाणेघाट दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापारी मार्ग आहे खरा, पण माणसांचा आणि लादलेल्या जनावरांचा. खाली दगडी पायऱ्या आणि घसाऱ्याची पायवाट आहे. सायकल माथ्यावर ठेवा, तिथला जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण पाहा. मग खिंडीतून थोडं उतरून लेण्यात जा. भिंतीवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. ऊन तिरपं असताना अक्षरं जास्त उठून दिसतात. लेखाला हात लावू नका, खडू किंवा पाणी लावून फोटो काढू नका.

खडीकरण:
ट्यूबलेस करायचं तर निघण्याआधी किमान दोन आठवडे करा. नव्या टायरच्या कडेतून, रिम टेपच्या सुरकुतीतून हवा गळते आणि ती घरीच कळायला हवी. रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेसचे असल्याची खात्री करा. एका चाकाला ६० मिली सीलंट (टायरमधली छोटी भोकं आतून बुजवणारा द्रव). चाक आडवं धरून दोन्ही बाजूंनी फिरवायचं, म्हणजे कडेलाही लागतं.

या भागात सीलंटचा खरा उपयोग बाभळीच्या काट्यांसाठी आहे. बांधावर आणि गुरांच्या वाटेवर काटे पडलेले असतात. ट्यूब असेल तर पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून कापूस फिरवा. मोडलेलं टोक अडकलं की कापसाचे धागे तिथं राहतात. हे न करता नवी ट्यूब घातली तर ती दहा मिनिटांत बसते.

सीलंट न भरणारी गोष्ट म्हणजे कडेचा काप. इथली खडी बेसाल्टची, फुटल्यावर धारदार. नुकतं खडीकरण झालेल्या रस्त्यावर टायरची बाजू चिरते. आतून लावायला टूथपेस्टच्या रिकाम्या नळीचा दोन बोटं रुंद तुकडा ठेवा, आणि ट्यूबलेस असलं तरी माणशी एक ट्यूब हवीच. राजूर किंवा जुन्नरच्या दुकानात साध्या सायकलची ट्यूब मिळेल, पण तिचा व्हॉल्व्ह जाड असतो, तुमच्या रिमच्या ६.५ मिमी भोकातून जाणार नाही. पितळी ॲडॅप्टर सोबत ठेवलात तर पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं हवा तरी भरता येईल. डिरेलर हँगर ज्या त्या सायकलचा वेगळा असतो, वाटेत मिळणं अशक्य. तो एक, चेनचे दोन क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायच्या कड्या) आणि ब्रेक पॅडचा एक जोड घ्या. मेकॅनिकल डिस्कचे पॅड झिजले की लिव्हर हँडलला टेकायला लागतं. घाट उतरण्याआधी केबल ॲडजस्टर फिरवून घ्या, उतारावर ते सुचत नाही.

आडरान:
तिसऱ्या दिवसाबद्दल. शेंडीतून निघून भंडारदरा धरणाच्या दक्षिण बाजूनं रतनवाडी, पुढं साम्रद, घाटघर आणि उत्तरेकडून परत, असा जलाशयाचा वेढा पंचेचाळीसेक किमी आहे. राजूर ते शेंडी धरून साठ-पासष्ट होतात. याच दिशेनं फिरा. रतनवाडीत सकाळी पोचलात तर अमृतेश्वराचं देऊळ आणि शेजारची कोरीव पुष्करणी निवांत बघता येते. दुपारी घाटघरच्या कोकणकड्यावर टेकता येतं आणि परतीला उजेड असतो. परतीच्या बाजूला कळसूबाई, १६४६ मीटर, डोक्यावर दिसत राहतं. साम्रद–घाटघरच्या दरम्यान रस्ता खराब असतो, वेग निम्मा धरा. वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क रोख लागतं. फोनची रेंज भरवशाची नाही, नकाशे आधीच उतरवून ठेवा.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. जुन्नर–ओतूर पट्ट्यात उसाच्या फडांत बिबट्याचा वावर आहे. डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा साडेपाचला मुक्कामी पोचाल असं गणित ठेवा. पहाटे अंधारात निघू नका. उसाच्या कडेला वाकून पंक्चर काढत बसू नका. सायकल ढकलत उघड्यावर किंवा वस्तीजवळ न्या, आणि एकानं उभं राहावं.

पाणी माणशी तीन लिटर. एका लिटरला अर्धा सपाट चमचा मीठ, सहा चमचे साखर, जमलं तर लिंबू.

गवताळवाट:
११-३४ कॅसेट घेतो, ट्यूबलेस याच आठवड्यात. इगतपुरीहून सायकल रेल्वेत कशी चढवायची?

आडरान:
शेंडीहून घोटीमार्गे इगतपुरी पंचेचाळीस किमीच्या आसपास, म्हणून ते चौथ्या दिवशी सकाळी ठेवा. वेढ्याच्या दिवशीच जोडू नका. घोटीनंतर महामार्गाची वाहतूक आहे, मागचा दिवा दिवसाही चालू ठेवा. पार्सल कार्यालयात सायकल ब्रेक व्हॅनसाठी (गाडीचा सामानाचा डबा) नोंदवावी लागते. ओळखपत्र आणि तिकीट हवं, गाडीच्या दीड-दोन तास आधी पोचा. पेडल काढा, हँडल आडवं वळवून बांधा, डिरेलरभोवती पुठ्ठा गुंडाळा. पेडल काढायचा पाना आठवणीनं घ्या: काही पेडलना १५ मिमीचा चपटा लागतो, काहींना ८ मिमीची ॲलन की. डावीकडचं पेडल घड्याळाच्या दिशेनं सुटतं.