पॅरिसचे तीन दिवस: बिस्ट्रोचं टेबल की लूव्रची रांग?

चुलीपुढची
ब्रसेल्सहून पॅरिस रेल्वेने जेमतेम दीड तास. मागच्या महिन्यात गुरुवार ते शनिवार जाऊन आलो आणि या खेपेला लूव्र, आयफेल दोघांनाही रजा दिली. मुक्काम ११व्या विभागात. दुपारी नव्या धाटणीच्या बिस्ट्रोत (छोट्या फ्रेंच खानावळीत) जेवायचं आणि ते जिरवायला चालायचं, एवढाच कार्यक्रम.

नवी धाटणी म्हणजे? १९९२ मध्ये ईव्ह काँदबोर्द या शेफने क्रियाँसारखं बडं हॉटेल सोडून १४व्या विभागात, शहराच्या पार कडेला 'ला रेगालाद' काढलं. हात बड्या हॉटेलचा, पण टेबलं दाटीवाटीची आणि दर खिशाला झेपणारे. पुढे 'ल शातोब्रियाँ', २०११ मध्ये 'सेप्तिम' वगैरे आले ते याच वाटेने.

आम्ही गेलो ते अगदी छोटं होतं. फळ्यावर खडूने लिहिलेले सहा पदार्थ. एखादा संपला की वेटर फडक्याने पुसून टाकतो. माझ्यापुढे लीक आली (पातीच्या कांद्याची थोरली बहीण). मऊ शिजवून गार केलेली, वर मोहरीचं आंबट पाणी आणि किसलेलं उकडलेलं अंडं. मोहरी अशी नाकात गेली की आजीच्या फेसलेल्या लोणच्याची आठवण झाली. दोन पदार्थांचं जेवण २४ युरो, साधं पाणी फुकट. रात्री तिथेच जवळपास दुप्पट.

मला तरी या दोन तासांत जेवढं पॅरिस दिसलं तेवढं मागच्या दोन खेपांत नव्हतं. तुम्हाला काय वाटतं?

रांगेतला माणूस
साफ असहमत. ब्रसेल्सला राहून लूव्रला रजा देणं सोपं आहे हो. नाशिकहून येणारा माणूस व्हिसाच्या कागदांचा गठ्ठा करून आयुष्यात एकदा येतो. त्याने मोनालिसा सोडून कांद्याची पात खायची?

आणि या नव्या बिस्ट्रोंचा आता साचा झालाय. मोठ्या ताटलीत तीन घास, गढूळ 'नॅचरल' वाईन आणि पाय लोंबकळतील असं स्टूल. त्यापेक्षा १८९६ पासूनचं बुयाँ शार्तिए गाठा. वेटर हिशेब टेबलावरच्या कागदावरच पेनने मांडतो, अंडं-मेयोनेज दोन-तीन युरोत मिळतं. खानावळ म्हणतात ती ही!

चुलीपुढची
शार्तिएच्या दारातही रांगच असते, बरं का. नावाला जागलात!

गुरुवारचा उपास
शाकाहाऱ्यांचं काय, ते कोणीच बोलत नाहीये. सासूबाईंना घेऊन असल्याच एका ठिकाणी गेलो. ठरलेला मेनू, आणि बुकिंग करताना सांगायचं राहिलं ही चूक आमचीच. पण वेटरने "मग मासा?" असं इतक्या मायेने विचारलं की रागावताही येईना. त्या पाव-लोण्यावर जेवल्या. पाव मात्र तीनदा आणून दिला, त्याचे पैसे नाहीत. दुसऱ्या दिवशी गार द्यु नॉर स्टेशनच्या मागे ला शापेल भागात श्रीलंकन तमिळांकडे डोसा खाल्ला. घरी आल्यावर वर्णन चाललंय ते त्या डोशाचं.

खवट
'लपलेलं रत्न' म्हणून 'सेप्तिम'ची शिफारस करणाऱ्यांना साष्टांग नमस्कार. कित्येक आठवडे आधी टेबल धरावं लागतं ते लपलेलं कसं? आडवाटेचं काही हवं तर सकाळी आलिग्रच्या बाजारात जा (सोमवारी बंद), मग जुन्या रेल्वेच्या कमानींवर केलेल्या बागेतून बास्तीय (बॅस्टिल) चौकाकडून पूर्वेला चालत सुटा.

आणि फळ्याला भुलू नका, खडू कोणीही आणतं. पातेल्यावर घराचं छप्पर असं चिन्ह शोधा. २०१४ पासून आहे, कच्च्या मालापासून तिथेच रांधलेल्या पदार्थाला लावतात. बरीच बिस्ट्रो रविवार-सोमवार बंद असतात, ऑगस्टमध्ये तर मालकच गावाला.

चुलीपुढची
@उपास, मान्य. बिस्ट्रोवाल्यांकडे शाकाहाराला उत्तर अजून तोकडंच आहे. आधी कळवलं तरच काही बरं मिळतं.
@रांगेतला माणूस, पहिल्यांदा येणाऱ्याने लूव्र बघावंच, रजा देण्याचं मी मागे घेते. पण शुक्रवारी ते रात्रीपर्यंत उघडं असतं. दुपारी जेवा, संध्याकाळी मोनालिसा.

रांगेतला माणूस
शुक्रवारचं पटलं. लीकचं नाही.