नागपूरच्या घरचे एसी : दोन कोटेशन, २८ हजारांचा फरक

नमस्कार मंडळी,

प्रतापनगरच्या घरचे दोन्ही स्प्लिट एसी यंदा बदलायलाच हवेत. जुने आहेत, आर-२२ गॅसचे, आणि मे महिन्यात आई-बाबांना त्यांच्या भरवशावर सोडवत नाही. बाबांनी सीताबर्डीच्या एका दुकानातून आणि घराजवळच्या एका मेकॅनिककडून भाव आणले. दोघेही म्हणतात, ‘दीड टन, फाइव्ह स्टार, इन्व्हर्टर, हॉट अँड कोल्ड’. दुकानाचे दोन्ही मिळून १,०४,०००, मेकॅनिकचे १,३२,०००. बाबांचा कल अर्थातच दुकानाकडे आहे. इथे न्यू जर्सीत आम्ही हीट पंप (थंड आणि गरम दोन्ही करणारं यंत्र) बदलला तेव्हाही दोन कोटेशनमध्ये असंच अंतर होतं, पण तेव्हा माणूस समोर बसलेला होता. फोनवरून कसं ठरवायचं?

मेघना, एडिसन

*

मेघना बेटा,

मी परतून आता धरमपेठेत असतो, आणि नोकरीभर एसीचंच काम केलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

एकूण आकड्यांची तुलना करूच नको. दोघांकडून खर्चाची लेखी फोड माग: मशीनचा पूर्ण मॉडेल नंबर आणि जीएसटीसह भाव, फिटिंग, तांब्याचा पाइप किती मीटर आणि काय दराने, स्टँड, वायर-एमसीबी (बिघाड झाला की वीज तोडणारा स्विच), ड्रेन (पाणी जायची नळी), आणि जुन्या मशीनचे किती धरले. मशीनची किंमत तू एडिसनमध्ये बसून पाच मिनिटांत पडताळू शकतेस. तिकडे कंत्राटदार यंत्र आणि मजुरी एकत्र सांगतो, म्हणून तुम्हाला अंदाज लागत नाही. इथे डबा, म्हणजे मशीन वेगळं, काम वेगळं. भाव लपतो तो कामात. माझा अंदाज, दुकानाचा आकडा फक्त डब्यांचा आहे आणि बाकीचं फिटिंगच्या दिवशी बाबांकडून रोख घेतील.

‘फाइव्ह स्टार’ या शब्दावर थांबू नको. १ जानेवारी २०२६पासून एसीच्या वीजबचतीच्या ताऱ्यांचे निकष कडक झाले, त्यामुळे जुन्या लेबलवरचे पाच तारे आणि नव्यावरचे पाच तारे सारखे नाहीत. लेबलचा कालावधी आणि आयएसईईआर (ISEER, म्हणजे किती विजेत किती गारवा) हा आकडा दोन्ही लेबलवर छापलेले असतात, त्यांचा फोटो मागव. जुना स्टॉक वाईट नसतो, पण तो जुन्या स्टॉकच्या भावात मिळाला पाहिजे. आणि २२ सप्टेंबर २०२५पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तोही बिलात बघ.

दीड टन ही क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ पार करतो आणि तेव्हा तेच मशीन कमी थंड करतं. म्हणून ब्रोशरमध्ये ४५-४६ अंशांवरची क्षमता दिली आहे का ते विचार. खोलीवर थेट गच्ची असेल तर आधी गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग मारून घ्या. मोठं मशीन घेण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

आता मुख्य गोष्ट, पाइप. ‘जुन्याच पाइपला जोडून देतो, पैसे वाचतील’ असं कोणी म्हणून राहिला तर बाबांना नाही म्हणायला सांग. नवी मशीनं बहुतेक आर-३२ गॅसची, त्यांचा दाब आर-२२पेक्षा बराच जास्त आणि कॉम्प्रेसरचं तेलही वेगळं. पाइप नवा, तांब्याचा, आणि जोडल्यावर आतली हवा आणि ओल खेचून काढणारा व्हॅक्यूम पंप लावलाच पाहिजे. नुसता गॅस सोडून हवा काढणारे इथे पुष्कळ आहेत. त्याने आत ओल राहते आणि दोन-तीन उन्हाळ्यांत कॉम्प्रेसर त्रास देतो. व्हॅक्यूम पंप आणणारा माणूस दोन हजार जास्त मागत असेल तर आनंदाने द्या.

हॉट अँड कोल्ड म्हणजे तुमचा हीट पंपच. हॉलमध्ये नको, नागपूरची थंडी तेवढी लांब नाही. आई-बाबांच्या खोलीत मात्र जरूर घ्या. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली येतो, आणि साध्या रूम हीटरच्या साधारण एक तृतीयांश विजेत तेवढीच ऊब मिळते. सांधे दुखणाऱ्या माणसांसाठी हा खर्च योग्यच आहे.

श्रीकांतकाका

*

मेघना, जुनी मशीनं दुकानात देण्याआधी भंगारवाल्यालाही दाखव गं. आत तांबं असतं. आमच्या मानेवाड्याच्या घरी दुकानापेक्षा त्याने चांगले दिले. आणि बाबांना म्हणावं, एप्रिल उजाडायच्या आत काम उरकून घ्या, नंतर फिटिंगला माणूस मिळत नाही.

वैशालीताई

*

काका, ताई, मनापासून आभार.

खर्चाची फोड आली. दुकानाच्या १,०४,०००मध्ये खरंच फक्त दोन डबे आहेत, जुन्या लेबलचे. पाइप, स्टँड, फिटिंग सगळं ‘साइटवर बघू’. मेकॅनिकची मशीनं नव्या लेबलची, दोन मिळून १,०८,०००. वरच्या २४,०००मध्ये पाइप १४ मीटर × १,००० रुपये, फिटिंग ३,०००, स्टँड २,०००, वायर-एमसीबी-ड्रेन ५,०००. बाबांनी टेप घेऊन भिंत मोजली तर पाइप १० मीटरच लागतो. तेवढे चार हजार त्याने लगेच कमी केले. हॉलला फक्त कोल्ड घेतल्यावर आणखी ६,००० उतरले. आता १,२२,०००, आणि व्हॅक्यूम पंप आणणार हे त्याने कोटेशनवर स्वतः लिहून दिलं.

काका, तो मेकॅनिक पाइपवर गुंडाळायच्या फोमऐवजी दुसरं काही इन्सुलेशन सुचवतो आहे. फोटो पाठवते, उन्हात टिकेल का तेवढं बघाल?

मेघना