चर्चमधून सांगितलेला कोर्स करावा का? (सोसायटी ग्रुप, वसई पश्चिम)

परेरा काकू (ए-१०४): नमस्कार सगळ्यांना. आज मिस्सा संपल्यावर फादरांनी सांगितलं, धर्मग्रामातल्या ज्यांना चांगलं काम हवंय त्यांनी ट्रेनिंगच्या माहितीसाठी ऑफिसात नाव द्यावं. आमचा धाकटा बारावीनंतर पार्सलं पोचवतोय. पेट्रोल आणि गाडीचा हप्ता गेला की हातात काही राहत नाही. कोणाच्या घरात असा कोर्स केलाय का? खरंच नोकरी लागते का?

मोरे (सेक्रेटरी): काकू, विषय चांगला आहे. बाकीच्यांना विनंती, फॉरवर्ड टाकू नका. स्वतःला माहीत असेल तेवढंच लिहा. आणि टँकर पाच वाजता येतोय.

केविन (सी-४०२): काकू तीन महिन्यांवाला घ्या. लगेच जॉब.

डिमेलो अंकल (बी-२०१): केविन, कुठला जॉब तेही लिही ना. मॉलमध्ये काउंटरला उभं राहायचा. काम वाईट नाही, पण पोरगा आज जे कमावतो त्याहून फार जास्त सुटणार नाही. चर्चच्या संस्थांमध्ये दोन प्रकार असतात, काकू. एक म्हणजे दोन-तीन महिन्यांचे कोर्स: रिटेल, हॉटेल, कॉम्प्युटर. डॉन बॉस्को टेकचे आहेत ना, तसे. ज्याला उद्याच घरात पैसे द्यायचेत त्याला ते ठीक. दुसरा प्रकार म्हणजे आयटीआय. फिटर, इलेक्ट्रिशियन, फ्रिज-एसीवाला आरएसी यांना दोन वर्षं, वेल्डरला एक. शेवटी हातात राष्ट्रीय ट्रेड सर्टिफिकेट येतं, ते नाशिकलाही चालतं आणि दुबईलाही. संस्थेने स्वतःच्या लेटरहेडवर दिलेला कागद आपल्या भाईंदरच्या पलीकडे कोणी बघत नाही. म्हणून आत पाऊल टाकण्याआधी एकच विचारायचं: शेवटी सर्टिफिकेट कोणाचं मिळणार?

परेरा काकू: पण दोन वर्षं घरी बसवून कसं भागणार हो?

डिमेलो अंकल: बसवायचं कशाला? आयटीआय झाल्यावर कंपनीत अप्रेंटिस, तिथे स्टायपेंड मिळतो. पण लेखी करार हवा. १९६१ पासून त्याचा कायदा आहे. आता गंमत ऐका. हे सगळं सुरू करणारे डॉन बॉस्को इटलीतल्या तुरीन शहरात फादर होते. १८५२ साली त्यांनी एका मुलासाठी सुताराबरोबर करार केला, तो अजून जपून ठेवलाय. मालकाने मुलाला तोंडाने समजवायचं, हात उचलायचा नाही. कामाबाहेरची वेठ लावायची नाही. सणाला सुट्टी. वर्षाला पंधरा दिवस रजा. आज आपल्याकडे किती गॅरेजवाले एवढं लिहून देतील सांगा.

केविन: अंकल निबंध

डिमेलो अंकल: निबंध नाही बाबा. मी टूलरूममध्ये आयुष्य काढलंय. ट्रेनिंगला पहिले कित्येक महिने लेथला हातसुद्धा लावू दिला नाही. माइल्ड स्टीलचा ठोकळा, कानस आणि काटकोन तपासायचा गुनिया. कानस मारायची, गुनिया लावायचा, उजेडाकडे धरायचं. फटीतून उजेड दिसला की इन्स्ट्रक्टर ठोकळा परत हातात ठेवायचा, एक शब्द न बोलता. हातांना फोड यायचे. तेव्हा शिव्या दिल्या, पण पुढे नोकरी टिकली ती त्याच हातांवर. तीन महिन्यांत हे होत नाही.

शीतल सिस्टर (बी-३०३): मुलींच्या आयांसाठी एक लिहिते. चर्चच्या हॉस्पिटलांशी जोडलेल्या नर्सिंग स्कूल चांगल्या आहेत, वांद्र्याच्या होली फॅमिलीची आहेच. पण चार वर्षांची बीएस्सी नर्सिंगची डिग्री, तीन वर्षांचा जीएनएम डिप्लोमा आणि दोन वर्षांचं एएनएम, एवढंच नर्सिंग. सहा महिन्यांचा ‘पेशंट केअर’ किंवा ‘बेडसाइड असिस्टंट’ केला म्हणजे नर्स झाली असं नाही. नर्सिंग काउन्सिलचं रजिस्ट्रेशन मिळत नाही, आणि ते नसेल तर इंजेक्शनच्या ट्रेलाही हात लावायचा नाही. आमच्या वॉर्डमध्ये अशा मुली येतात, आईने दागिने मोडून फी भरलेली असते. काम आयाबाईचं मिळतं. त्यांना आधी कोणी सांगितलेलंच नसतं.

जाधव (ए-३०२): आम्ही चर्चवाले नाही. माझ्या भाच्याला चालेल का?

लोपीस सर (सी-१०१): चालेल हो. डॉन बॉस्को काय, फादर आग्नेल काय, मुलं सगळ्या जातीधर्मांची असतात. अल्पसंख्याक संस्था असली की काही जागा ख्रिस्ती मुलांच्या कोट्यात असतात, तिथे बाप्तिस्म्याचा दाखला लागतो. बाकीच्या सगळ्यांना खुल्या. आयटीआयचे प्रवेश डीव्हीईटी म्हणजे राज्याच्या व्यवसाय शिक्षण खात्याच्या ऑनलाइन फेऱ्यांतून होतात, तेव्हा भाच्याचा फॉर्म दहावीच्या निकालानंतर लगेच भरा. आणि काकू, फादरांचं पत्र म्हणजे जागा नव्हे. पत्राने फीला मदत होईल, ओळख होईल. नंबर मार्कांवरच लागतो.

परेरा काकू: फीचंच तर आहे.

लोपीस सर: धर्मग्रामातल्या एसव्हीपीला सांगा, म्हणजे गरजूंना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉलवाल्यांना. बऱ्याच मुलांच्या फीला ते हातभार लावतात. कर्ज हवं असेल तर आपली पापडीची कॅथॉलिक बँक आहे, १९१८ पासूनची. सरकारचं मौलाना आझाद अल्पसंख्याक महामंडळही शिक्षणासाठी कर्ज देतं. पण कर्ज सगळ्यात शेवटी.

परेरा काकू: एसव्हीपीवाले घर बघायला येतात. मला ते बरं नाही वाटत. शेजाऱ्यांना कळतं.

शीतल सिस्टर: काकू, आता ग्रुपवर कळलंच आहे आम्हाला. आणि आम्ही कोणी परके नाही. आमच्याकडेही आले होते, माझ्या जीएनएमच्या वेळी. दोघं आले, चहा घेतला, उत्पन्नाचं विचारलं, गेले. गावभर काही झालं नाही.

जाधव: काकू, मुलाची बारावी कशात झाली?

परेरा काकू: सायन्स. काठावर पास. गणित होतं.

जाधव: मग पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं की! बारावी सायन्सवाल्यांना डिप्लोमाच्या सेकंड इयरला प्रवेश असतो. तोही विचार करा.

डिमेलो अंकल: बरोबर आहे, पण मुलाला विचारून. मागच्या पावसाळ्यात आपला पंप बंद पडला तेव्हा मेकॅनिकच्या शेजारी तोच तासभर उकिडवा बसला होता. पुस्तकात रमणारा नाही तो, हातात पाना दिला की खूश. माझं मत आरएसीला. मुंबईत एसी दुरुस्तीला मरण नाही. आणि दोन वर्षांचं आयटीआय करूनही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतंच, ते दार बंद होत नाही.

केविन: म्हणजे कुर्ल्याच्या डॉन बॉस्को आयटीआयला रोज वसईहून? दादरला उतरून सेंट्रल पकडायची, विद्याविहारला उतरायचं. सकाळची विरार लोकल आहे ती.

डिमेलो अंकल: आता कसं मुद्द्याचं बोललास. म्हणूनच आधी वसई-पालघरमधल्या आयटीआय बघायच्या. चर्चचीच हवी असा हट्ट नको, सरकारी मिळाली तर फी आणखी कमी. चर्चची घ्यायची ती वर्कशॉपमध्ये मशिनं चालू आहेत का ते बघून, नाव बघून नाही.

परेरा काकू: तो आताच आला. म्हणतोय, एसीचं चालेल, पण संध्याकाळची पार्सलं सोडणार नाही.

डिमेलो अंकल: नको सोडू दे. शनिवारी त्याला माझ्याकडे पाठवा. दहावी-बारावीच्या मार्कशीट, लिव्हिंग सर्टिफिकेट, आधार. फादरांकडे आपण रविवारी जाऊ, आधी कागद लावून घेऊ.

मोरे (सेक्रेटरी): टँकर आलाय. बी विंगने आधी भरून घ्या.