प्रतिसाद: एकाच प्रकारचा बॉल टाकणारा ग्रेट कसा?
वर कोणीतरी लिहिलंय की बेसबॉलमधला रिलीफ पिचर म्हणजे शेवटी येऊन एक इनिंग टाकणारा माणूस, त्याला कसलं ग्रेट म्हणायचं. मारियानो रिवेरा बघा आधी. पनामातल्या मच्छीमार गावातला पोरगा, बापाच्या बोटीवर काम केलेला, १९९५ला न्यूयॉर्क यांकीज संघाकडून आला तो सुरुवातीला स्टार्टर (मॅच सुरू करणारा पिचर) म्हणून आणि त्यात काही खास जमलं नाही, मग बुलपेनमध्ये (रिलीफ पिचरांत) गेला आणि १९९७ला क्लोजर, म्हणजे आघाडी टिकवून मॅच संपवणारा पिचर झाला.

त्याच वर्षी सहकाऱ्याबरोबर नुसता कॅच-कॅच खेळताना बॉल आपोआप वळायला लागला. आधी तर तो सरळ करायचा प्रयत्न चालला होता म्हणे! 😄 तोच त्याचा कटर. फास्टबॉलसारखाच दिसतो आणि शेवटच्या क्षणी डावखुऱ्या बॅटरच्या हाताकडे सरकतो, बॅटच्या जाड भागाऐवजी दांड्याजवळ लागतो, म्हणून तर इतक्या बॅटी तुटायच्या. गंमत म्हणजे काय येणारे हे सगळ्यांना माहीत असायचं, तरी मारता यायचं नाही, कारण बॉल पाहिजे तिथेच टाकायचा पठ्ठ्या.

६५२ सेव्ह (आघाडी राखून संपवलेल्या मॅच), पोस्टसीझनचा (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांचा) इआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा, ०.७०; हा आकडा जितका कमी तितका चांगला, दबावाच्या मॅचमध्ये आकडा उलट सुधारतो हे मला तरी जास्त भारी वाटतं. २००१च्या वर्ल्ड सिरीजची (अंतिम फेरीची) सातवी, निर्णायक मॅच ॲरिझोनाविरुद्ध त्याच्याच हातून गेली हेही खरंय, पण २०१९ला हॉल ऑफ फेमसाठी (बेसबॉलमधल्या महान खेळाडूंचा सन्मान) ४२५ पैकी ४२५ मतं पडली, असं त्याआधी कोणाचंच झालं नव्हतं, जुना दिग्गज बेब रूथचंही नाही.