१७९२ ची न्यू यॉर्क गव्हर्नर निवडणूक – काय वाचू?

ऑल्बनीकर_आई:
लेक आठवीत आहे, तिने प्रोजेक्टला जॉर्ज क्लिंटन विरुद्ध जॉन जे ही लढत घेतलीय. शाळेच्या पुस्तकात दोनच ओळी आहेत, क्लिंटन १०८ मतांनी आले आणि तीन काउंट्यांची (म्हणजे जिल्ह्यांची) मतं बाद झाली. का बाद झाली ते तिला हवंय आणि आता मलाही चैन पडत नाहीये. फुकटात, खात्रीचं काही सुचवा प्लीज.

जुनीपानं:
ताई, फाउंडर्स ऑनलाइन उघडा, अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जची साइट आहे, एक पैसा लागत नाही. हॅमिल्टन, जे, जेफरसन यांची पत्रं तळटीपांसकट आहेत. तारीख जून १७९२ टाकून शोधा. जेफरसन तर क्लिंटनच्या बाजूचे, पण मॅडिसनना लिहिलेल्या पत्रात त्यांनाही क्लिंटननी असं पद घेणं पटलेलं नाही, ते पत्र लेकीला नक्की दाखवा.

आणि सुरुवात ओट्सिगो काउंटीपासून करा. तिथे जे यांचा जोर होता. मतं शेरीफने (काउंटीच्या मुख्य पोलीस अधिकाऱ्याने) पोचवायची असा कायदा, पण शेरीफची मुदत संपलेली आणि नव्या शेरीफने अजून शपथ घेतली नव्हती, म्हणून जुन्यानेच मतं रवाना केली. बस, एवढ्यावरून अख्ख्या काउंटीची मतं मोजलीच नाहीत! टायोगा आणि क्लिंटन काउंटीतही मतं कोणाच्या हातून आली यावरूनच घोळ. मतं मोजणाऱ्या समितीत ती बाद करायचा ७ विरुद्ध ४ असा निकाल लागला. लोकांनी मत दिलं होतं हो, त्यात त्यांची काय चूक? मला आजही ते वाचून राग येतो.

नदीकाठ:
आकडे हवे तर अ न्यू नेशन व्होट्स ही जुन्या अमेरिकन निवडणुकांच्या निकालांची साइट बघा, क्लिंटन ८४४० आणि जे ८३३२. पण एकच बाजू मांडू नका. ओट्सिगोचे जज विल्यम कूपर जे यांच्यासाठी आपल्या कुळांवर, कर्जदारांवर दबाव टाकतात अशा तक्रारी होत्या. त्यासाठी ॲलन टेलर यांचं 'विल्यम कूपर्स टाउन' घ्या, पुलित्झर मिळालेलं आहे, अख्खं नको, निवडणुकीचा भाग पुरे.

ऑल्बनीकर_आई:
पुस्तक लायब्ररीत होल्डवर टाकलं. लेक विचारतेय, समितीने ॲरन बर आणि रूफस किंग यांचा कायदेशीर सल्ला घेतला, दोघेही न्यू यॉर्कचेच सिनेटर, मग एकाच कायद्यावर उलटे सल्ले कसे दिले?

जुनीपानं:
किंग फेडरलिस्ट, जे यांच्या पक्षाचे, आणि बर यांनी क्लिंटनच्या बाजूने सल्ला दिला. दोघांची कारणं शेजारी शेजारी लिहायला सांगा तिला, प्रोजेक्टचा अर्धा भाग तिथेच होईल.