मदत हवी आहे: वडिलांना विजेची व्हीलचेअर लागते, क्रूझची केबिन आणि बंदरं कशी निवडावीत?

रानवारा

नमस्कार मंडळी. आईवडिलांना घेऊन भूमध्य समुद्रातली सात रात्रींची क्रूझ करायचा विचार आहे. वडील ७४ वर्षांचे. पक्षाघातानंतर डावी बाजू कमकुवत आहे. वॉकर घेऊन दहा-पंधरा पावलं चालतात, आधार दिला तर दोन पायऱ्या चढतात, त्यापुढे नाही. बाहेर घडीची विजेची व्हीलचेअर असते. तिची रुंदी ६० सेंमी, वजन बॅटरीसकट २६ किलो. आईची तब्येत चांगली आहे, पण ती त्यांना उचलू शकत नाही.

दोन मार्ग समोर आहेत. पहिला बार्सिलोनाहून मार्सेय, लिव्होर्नो, चिविताव्हेक्किया, नेपल्स आणि परत. दुसरा पिरेअसहून (अथेन्सचं बंदर) मिकोनोस, सॅन्टोरिनी, कुशादासी, ऱ्होड्स आणि परत. वडिलांचा ओढा दुसऱ्याकडे आहे.

केबिन कोणती मागावी? खुर्ची आणि बॅटरीचं काय करायचं? आणि दुसरा मार्ग जमण्यासारखा आहे का? कृपया मार्गदर्शन करा.

अबोली

उत्तर तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. आजकालच्या मोठ्या जहाजावर आत फिरताना फारशी अडचण येत नाही. लिफ्ट असतात, कॉरिडॉर सपाट असतात, भोजनगृहात खुर्ची टेबलाखाली जाते. अडचण येते ती जहाजावरून जमिनीवर उतरताना. म्हणून आधी बंदरं तपासा, मग जहाज, मग केबिन. बहुतेक लोक नेमकं उलट करतात.

प्रत्येक बंदरासाठी एकच प्रश्न विचारा: जहाज धक्क्याला लागणार की बाहेर नांगर टाकणार? नांगर टाकलं तर टेंडर बोटीने किनारा गाठावा लागतो. जहाजाच्या खालच्या डेकवरच्या फलाटावरून बोटीत पाऊल टाकायचं असतं. त्या वेळी बोट आणि फलाट दोन्ही वेगवेगळ्या लयीत वरखाली होत असतात, आणि खलाशी 'आता' म्हणाला की पाऊल पडायलाच हवं. बऱ्याच कंपन्या विजेच्या जड खुर्च्या टेंडरमध्ये घेत नाहीत, हाताने ढकलायची घडीची खुर्ची चालते. कर्मचारी माणसाला उचलून बोटीत ठेवत नाहीत. आणि परवानगी असली तरी अंतिम निर्णय त्या दिवशीचा समुद्र बघून जहाजाचे अधिकारी घेतात. तो सकाळी कळतो, त्यावर वाद घालता येत नाही.

सॅन्टोरिनीला क्रूझ जहाजं धक्क्याला लागतच नाहीत. शिवाय तिथे प्रवाशांची ने-आण जहाजाच्या स्वतःच्या बोटींऐवजी स्थानिक बोटवाले करतात. त्यामुळे जहाजाच्या टेंडरला रॅम्प किंवा लिफ्ट असली तरी तिचा तिथे उपयोग नाही. बोटीतून उतरल्यावर जुन्या बंदरापासून वर फिरा या मुख्य गावापर्यंत ५८८ च्या आसपास पायऱ्या किंवा केबल कार, आणि केबल कारच्या स्थानकातही पायऱ्या आहेत. जहाजाची सहल घेतली तर बोट सहसा अथिनिओस या बेटावरच्या दुसऱ्या बंदराला नेते आणि तिथून बस वर जाते. म्हणजे चढ वाचतो, टेंडर वाचत नाही.

मिकोनोसला जहाज कधी नव्या बंदराच्या धक्क्याला लागतं, कधी बाहेर थांबतं. तुमच्या तारखेचं विचारून घ्या. गावातल्या गल्ल्या अरुंद आणि दगडी आहेत.

तुम्ही दिलेल्या तपशिलावरून मी पहिला मार्ग सुचवेन. त्यातली पाचही बंदरं धक्क्याची आहेत.

ऋतुगंध

अबोलीताईंशी सहमत. पहिल्या मार्गाबद्दल थोडी भर.

नेपल्सला धक्का शहराच्या मध्यातच आहे, टर्मिनलमधून बाहेर पडलं की समोर कास्तेल नुओवो हा जुना किल्ला. जवळच्या पाँपेईला, म्हणजे प्राचीन रोमन शहराच्या अवशेषांना, जायचं असेल तर 'पाँपेई पेर तुत्ती' हा अडथळे काढलेला मार्ग २०१६ पासून आहे. तो तीन किलोमीटरहून थोडा जास्त असून त्याची सुरुवात अँफीथिएटरच्या बाजूच्या प्रवेशद्वाराने होते. इतर फाटकांतून आत गेलात तर रोमन रस्त्यांचे उंचसखल दगड लागतात, त्यात खुर्चीची पुढची छोटी चाकं अडकतात.

चिविताव्हेक्कियाहून रोम ८० किमीच्या आसपास आहे, लिव्होर्नोहून फ्लोरेन्सही जवळपास तितकंच. खरी परीक्षा या दोन बंदरांवर आहे, कारण साध्या सहलीच्या बसला उंच पायऱ्या असतात. व्हीलचेअर लिफ्टची बस लेखी मागा, तीही महिना-दोन महिने आधी. शेवटच्या आठवड्यात ती मिळत नाही. खाजगी रॅम्पवाली व्हॅन ठरवलीत तर बॅटरीसकट वजन आणि माणूस बसलेला असताना जमिनीपासून डोक्यापर्यंतची उंची कळवा. उंची सांगायची राहते आणि मग व्हॅनच्या दारात डोकं लागतं. आणखी एक: जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, स्वतंत्र गेलात तर थांबत नाही. त्यामुळे परतीला किमान दोन तासांची सवड ठेवा.

बार्सिलोनात क्रूझच्या आधी एक-दोन रात्री जरूर राहा. शहरातल्या बसना रॅम्प असतात आणि बहुतेक मेट्रो स्थानकांत लिफ्ट आहे.

चंद्रकोर

केबिनबद्दल लिहितो.

साध्या केबिनचं दार साधारण ५६ ते ६१ सेंमी असतं. तुमची खुर्ची ६० सेंमी, आणि चाकाबाहेर हाताची बोटंही येतात. म्हणजे साधी केबिन बादच. बाथरूमच्या दाराला तिथे उंबरठा असतो, तो वेगळाच. अपंगस्नेही केबिनचं दार ८१ सेंमीच्या पुढे असतं, आत खुर्ची वळवायला सुमारे दीड मीटरची मोकळी जागा असते आणि शॉवरला उंबरठा नसतो.

पण या केबिनांतही प्रकार असतात. काही फक्त काठी-वॉकरवाल्यांसाठी असतात: आधाराचे दांडे असतात, दार मात्र अरुंदच. वडील थोडं चालतात हे ऐकून बुकिंगवाला हीच देईल. ती घेऊ नका. खुर्ची आत आणून चार्ज करायची आहे, त्यामुळे पूर्ण व्हीलचेअरची केबिनच मागा. खुर्ची कॉरिडॉरमध्ये ठेवता येत नाही, आणीबाणीत तो बाहेर पडायचा रस्ता असतो.

केबिनचा नंबर बुकिंगच्या वेळीच घ्या. 'नंबर नंतर कंपनी देईल' असली स्वस्त योजना तुमच्यासाठी नाही. बुकिंगवर 'केबिन बदलू नये' अशी नोंदही करून घ्या. फुकट बढती म्हणून वरच्या दर्जाची पण साधी केबिन मिळण्याचे प्रकार घडतात. या केबिना मोजक्या असतात आणि लवकर संपतात. शक्यतो वर्षभर आधी बघा. तिघे एकाच केबिनमध्ये राहणार असाल तर तिसरा पलंग उघडल्यावर खुर्ची वळते का हे विचारा, बऱ्याचदा वळत नाही.

एक गोष्ट जवळजवळ कुणीच विचारत नाही, आणि तुमच्याकडे तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. जहाजाच्या डाव्या आणि उजव्या बाजूच्या केबिना अनेकदा एकमेकींचं आरशातलं प्रतिबिंब असतात. एकीत कमोडवर बसल्यावर भिंतीचा दांडा उजव्या हाताला येतो, दुसरीत डाव्या. वडिलांचा उजवा हात चांगला आहे, म्हणजे दांडा उजवीकडेच हवा. शॉवरच्या बाकाचंही तसंच: बसल्यावर नळ आणि दांडा उजव्या हाताशी आले पाहिजेत. त्या नंबरच्या केबिनचा नकाशा किंवा फोटो मागा, 'त्याच प्रकारच्या' केबिनचा नको.

रानवारा

हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. दोन्ही बाजूंच्या केबिनांचे नकाशे मागवतो.

खुर्चीच्या बॅटरीवर २४ व्होल्ट, १० अँपिअर-तास असं लिहिलं आहे, लिथियमची आहे. बार्सिलोनापर्यंत विमानाने जायचं आहे. चालेल का? आणि जहाजावर चढउतार करताना, आंघोळीला वगैरे कर्मचारी मदत करतात का?

चंद्रकोर

व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॅट-तास. तुमचे २४० झाले. काढता येणाऱ्या लिथियम बॅटरीला विमानात ३०० वॅट-तासांची मर्यादा आहे, त्यामुळे तुमची बॅटरी त्यात बसते. बॅटरी काढून टोकं झाकून हातसामानात न्यायची, खुर्ची खाली सामानात जाते. जादा बॅटरी न्यायची तर ३०० पर्यंतची एक किंवा १६० पर्यंतच्या दोन. विमान कंपनीला आधी कळवून मंजुरीचा ईमेल छापून जवळ ठेवा. जॉयस्टिक निघत असेल तर काढून हातात घ्या. सामानात मोडणारी पहिली वस्तू तीच असते.

जहाजावर बहुधा अमेरिकन ११० आणि युरोपियन २२० व्होल्ट अशी दोन्ही सॉकेट असतात. चार्जरवर १००-२४० लिहिलेलं आहे ना, एवढं बघा. सर्ज प्रोटेक्टर असलेली एक्स्टेन्शन नेऊ नका, चढतानाच काढून घेतात. सॉकेट सहसा टेबलापाशी असतं, पलंगापाशी नाही. वायर पुरत नसेल तर केबिनच्या कर्मचाऱ्याकडे मागा.

अबोली

मदतीबद्दल: टर्मिनलपासून केबिनपर्यंत आणि शेवटच्या दिवशी उतरताना खुर्ची ढकलायला माणूस मिळतो. गँगवेवरही, म्हणजे जहाज आणि धक्का जोडणाऱ्या उतरत्या पुलावरही, हात देतात. आंघोळ, कपडे, कमोड यात कर्मचारी मदत करत नाहीत, उचलतही नाहीत. एकट्या आईवर ते पडणार असेल तर घरी आधी सराव करून बघा: तुमच्या मदतीशिवाय त्या दोघांचं पलंग ते खुर्ची, खुर्ची ते शॉवरचं बाक असं जमतं का? पलंगाची उंची आणि बाकाची उंची जहाजाकडून सेंमीमध्ये मागा आणि घरी तेवढ्याच उंचीवर करून बघा.

उंबरठा नसलेल्या शॉवरमध्ये पाणी जहाजाच्या हेलकाव्याबरोबर दारापर्यंत येतं. खाली रबरी तळाचे बंद सँडल हवेत. जास्तीचे दोन टॉवेल मागून दाराशी घडी करून ठेवा.

गँगवेचं खालचं टोक चाकांवर असतं, जहाज हललं की ते धक्क्यावर सरकतं. तिथल्या पट्टीत पुढची छोटी चाकं अडकून माणूस पुढे फेकला जातो. उतरताना खुर्ची उलटी, मोठी चाकं आधी, मागे धरायला एक माणूस. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक थोडा असतो, म्हणून दिवसभर उतार साधारण तसाच राहतो. कॅनडाच्या सेंट जॉनसारख्या बंदरात समुद्र सात-आठ मीटर वरखाली होतो आणि सकाळचा सोपा गँगवे दुपारी उभा चढ होऊन बसतो.

सायली

युरोपातल्या बंदरातून चढणार असाल तर २०१० चा ११७७ क्रमांकाचा युरोपीय नियम लागू होतो. बार्सिलोना आणि पिरेअस दोन्ही त्यात येतात. मदत हवी असल्याचं किमान ४८ तास आधी कळवलं की बंदर आणि कंपनी दोघांनाही ती मोफत द्यावी लागते. केबिनच्या खास गरजा मात्र बुकिंगच्याच वेळी सांगायच्या. त्यांच्या चुकीने खुर्ची मोडली तर दुरुस्ती किंवा बदलीचा खर्च त्यांच्यावर येतो. म्हणून चढण्याआधी खुर्चीचे चारही बाजूंनी तारखेसह फोटो काढा.

सगळं ईमेलवर असू द्या. फोनवर 'हो हो, सोय आहे' म्हणणारा माणूस बंदरावर भेटत नाही.

मोगरा

एखादी छोटी नदीची क्रूझ जास्त सोपी पडेल का? जहाज लहान, गर्दी कमी.

ऋतुगंध

उलट, तीच जास्त अवघड. नदीतल्या बऱ्याच जहाजांवर व्हीलचेअरची केबिनच नसते, लिफ्ट असली तरी वरच्या उघड्या डेकपर्यंत जात नाही. शिवाय गर्दीच्या धक्क्यावर जहाजं एकमेकांना खेटून लावतात, त्यामुळे शेजारच्या जहाजातून पायऱ्या चढून-उतरून किनारा गाठावा लागतो. त्यात धक्का कुठला मिळेल हे आधी कळत नाही.

रानवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिला मार्ग नक्की करतो. शेवटचा प्रश्न: आणीबाणीत लिफ्ट बंद असते म्हणतात, मग वडिलांचं काय? आणि सॅन्टोरिनीची त्यांची इच्छा पुढे कधीतरी पुरी करायची तर कशी?

अबोली

मदत लागणाऱ्या प्रवाशांची यादी जहाज निघण्याआधी कप्तानाकडे जावी लागते, तसा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पण आपण गरज नोंदवली असेल तरच नाव त्या यादीत येतं. पहिल्या दिवशी सेफ्टी ड्रिलला जाल तेव्हा जमण्याच्या जागेवरच्या कर्मचाऱ्याला केबिन नंबर सांगून विचारा की घ्यायला कोण येणार आणि खुर्ची जिन्यावरून कशी नेणार. बहुतेक जहाजांवर त्यासाठी जिन्याच्या खास खुर्च्या असतात. शक्य असेल तर केबिन जहाजाच्या मधल्या भागात, लिफ्टजवळ घ्या. तिथे हेलकावेही कमी लागतात.

सॅन्टोरिनीसाठी बाल्कनीची व्हीलचेअर केबिन घ्या आणि बाल्कनीच्या उंबरठ्याला रॅम्प आहे का ते विचारा. जहाज ज्वालामुखीच्या कुंडात शिरतं तेव्हा कड्यावरची पांढरी गावं डेकवरूनच सगळ्यात पूर्ण दिसतात. बेटावर उतरायचंच असेल तर क्रूझऐवजी विमानाने जा. बेटाला विमानतळ आहे, तिथून रॅम्पची गाडी आधी ठरवून ठेवता येते, आणि टेंडरचा प्रश्नच येत नाही.