कँटीनची बाटली आणि दुसरी सही

हवालदाराची लेक (वाळपई):
परवा इथेच 'तिठ्यावरचा' यांनी लिहिलं होतं, "माजी सैनिकांना पेन्शन आहे, लष्करी कँटीनची स्वस्त बाटली आहे, उपचारांसाठी ईसीएचएसचं कार्ड आहे, नोकरीत राखीव जागा आहेत. वर सरकारच्या नावाने गळा काढायचा. आमच्या पाववाल्या पोदेराला, माडाची सूर काढणाऱ्या रेंदेराला कोण पेन्शन देतो?" खाली पन्नासेक अंगठे. तिथेच उत्तर द्यायला बसले, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

माझे बाबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत चोवीस वर्षं होते. हवालदार म्हणून घरी आले. एप्रिल २०२१ मध्ये गेले. आईचं फॅमिली पेन्शन सुरू झालं जून २०२२ मध्ये. का, तर आई एकच असली तरी कागदावर बायका दोन होत्या. लग्नात नाव बदललं, बाबांनी पलटणीत नवं नाव नोंदवलं, पार्ट टू ऑर्डर, म्हणजे त्या नोंदीचा लष्करी आदेश, त्याच नावाने निघाली. आधार मात्र शाळेच्या दाखल्यावरून काढलेलं, म्हणजे माहेरचं नाव. दोन्ही नावांची बाई एकच, हे सांगू शकला असता लग्नाचा दाखला. तोच नव्हता. गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारकडे दुसरी सही झाल्याशिवाय कायद्याने लग्न लागत नाही, हे इथल्यांना मी काय सांगायचं? पहिली सही झाली, देवळात लग्न झालं, आणि दुसऱ्या सहीच्या तारखेआधी बाबांची सुटी संपली. पुढच्या सुटीत भाताची कापणी, त्याच्या पुढच्या सुटीत मी. राहून गेलं ते गेलंच.

ते चौदा महिने आई रोज सकाळी काळी ट्रंक उघडायची. झाकणावर पांढऱ्या रंगात बाबांचा नंबर, आत डांबराच्या गोळ्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज बुक. जणू रात्रीत एखादा नवा कागद आत येऊन पडणार होता. पलटणीचं रेकॉर्ड ऑफिस म्हणे फाइल प्रयागराजच्या पेन्शन कचेरीला. प्रयागराज म्हणे बँकेला विचारा. बँक म्हणे आता पेन्शनचं 'स्पर्श' पोर्टल आलंय, आमच्याकडे काही नाही. पणजीतल्या एका टेबलावर ऐकलं, "हा केंद्राचा विषय, बाय." शेवटी काम कसं झालं? गावातल्या एका ऑनररी कॅप्टनसाहेबांच्या ओळखीचा पोरगा आत क्लार्क निघाला. त्याने फाइल वर काढली, प्रतिज्ञापत्रं कशी हवीत ते सांगितलं, सहा आठवड्यांत पैसे आले.

सरकार पैसे देत नाही असं मी म्हणतच नाहीये. उशीर झाला तर तो कोणाच्या नावावर मांडायचा, एवढं सांगा.

तिठ्यावरचा:
ताई, तुमच्या आईबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण दुसरी सही राहिली ती तुमच्या बाबांची. त्यात सरकारचा काय गुन्हा? नाव जुळत नसताना पैसे सोडले असते आणि उद्या कोणी खोटी विधवा उभी राहिली असती, तर तुम्हीच 'भ्रष्टाचार' म्हणून धागा काढला असता.

आणि माझं म्हणणं तुम्ही अर्धवट उचललंत. माझ्या बापाचा खाणीवर ट्रक होता. २०१२ ला खाणी बंद, ट्रक अंगणात. मध्ये सुरू झाल्या म्हणून नवे टायर घातले, तर २०१८ ला परत बंद. त्या ट्रकच्या केबिनमध्ये आज आमच्या कोंबड्या झोपतात. कोणती पेन्शन, कोणतं रेकॉर्ड ऑफिस? देशाला परकीय चलन आम्हीपण दिलं. निदान तुमच्या फाइलला नंबर तरी होता.

सिग्नलवाला (निवृत्त):
तिठ्यावरचे, आधी बाटलीचं बोलू, कारण तुमच्या पोस्टमध्ये ती तीनदा आली होती. गोव्यात राहून रमसाठी कँटीनची रांग लावणारा माणूस मला दाखवा. कोपऱ्यावरच्या बारचा आणि कँटीनचा दर यांत जेवढा फरक आहे, तेवढं माझं येण्याजाण्याचं पेट्रोल होतं. मी तिथे साबण आणि चहापत्ती आणायला जातो.

आता 'सगळं दिलं' याबद्दल. वन रँक वन पेन्शन, म्हणजे हुद्दा आणि सेवा सारखी तर पेन्शन सारखं, निवृत्ती कधीचीही असो, हे आपल्याच पर्रीकरांनी संरक्षणमंत्री असताना ५ सप्टेंबर २०१५ ला जाहीर केलं. अभिमान आहे. जंतरमंतरवर म्हातारे जूनपासून बसले होते, तेव्हा कुठे झालं, हेपण लक्षात आहे. पण मागितलं होतं ते हे नव्हे. संसदेच्या कोश्यारी समितीच्या व्याख्येत पुढची वाढ जुन्यांना आपोआप मिळायची होती, दिली दर पाच वर्षांनी. २०१९ ची सुधारणा मंत्रिमंडळाने मंजूर केली डिसेंबर २०२२ मध्ये. थकबाकी हप्त्याहप्त्याने. मार्च २०२३ मध्ये केंद्र सुप्रीम कोर्टात बंद लखोटा घेऊन गेलं, सरन्यायाधीशांनी तो उघडलासुद्धा नाही. मग कोर्टानेच तारखा आखून दिल्या, विधवांना एप्रिलअखेर, सत्तरीच्या वरच्यांना जूनअखेर. तोवर जे गेले त्यांनी हप्ता कुठे घ्यायचा?

'स्पर्श'बद्दल मात्र मी बाईंशी पूर्ण सहमत नाही. सुरुवातीला गोंधळ होता, मान्य. आज माझा हयातीचा दाखला मोबाइलसमोर तोंड धरलं की होतो. पूर्वी नोव्हेंबरात बँकेच्या पायरीवर आम्ही जिवंत असल्याचा पुरावा म्हणून ताटकळायचो.

भाटातला:
खाणवाल्यांनी देशसेवा केली हे वाचून डोळे पाणावले. ट्रकच्या धुळीने असतील.

म्हापशाची शुक्रवारची:
उशीर कोणाच्या नावावर मांडायचा म्हणता, तर एक माझापण मांडा. नवरा एअर फोर्समध्ये वीस वर्षं. मुलगा शिकला जोधपूर, तेजपूर, बेंगळुरू. दोघांचे आजे-पणजे म्हापशाचे, घर पोर्तुगीज काळातलं. मुलाने राज्य सरकारच्या नोकरीला अर्ज करायचं ठरवलं, तर पंधरा वर्षं रहिवासाचा दाखला. मामलेदार कचेरीतला क्लार्क शाळेचे दाखले उलटेपालटे करून म्हणतो, "म्याडम, हा तर गोव्यात राहिलेलाच नाही." अहो, बापाला पाठवला कोणी होता तिकडे? आम्ही काय दुबईला गेलो होतो?

मग परीक्षा. कोंकणी सक्तीची. घरी आम्ही कोंकणीच बोलतो, पण हा लिहायला शिकला हिंदी आणि इंग्रजी.

अंत्रुजकार:
बोलता येते तर लिहायला शिकायला सहा महिने लागतात. गोव्याच्या कचेरीत म्हातारी कोंकणीत विचारेल आणि हा तिला हिंदीत उत्तर देणार? सैनिकाच्या मुलाबद्दल आदर आहे, पण कोंकणीत सूट मागायची नाही. आज सैनिकाला दिली की उद्या बँकवाल्याला, परवा रेल्वेवाल्याला.

पेडण्याचा कडू:
आली! कोंकणी आली! मी वाटच बघत होतो. १९८७ च्या कायद्यात मराठीपण सरकारी कामाला वापरता येते असं लिहिलंय. आणि जाहिरातीत काय? कोंकणी अनिवार्य, मराठी 'येत असल्यास बरे'. पेडण्यात, डिचोलीत, सत्तरीत पिढ्यान् पिढ्या मराठी शाळेत शिकलेल्यांनी कुठे जायचं?

अंत्रुजकार:
पेडण्यात घरी काय बोलता ते आधी सांगा. मराठी लिहिता म्हणून मराठी झालात?

पेडण्याचा कडू:
मी काय झालो ते तुम्ही सांगू नका. तुम्ही स्वतः हे मराठी संकेतस्थळावर मराठीत लिहिताय. कोंकणीत लिहा ना.

अंत्रुजकार:
बरयतां. तुका समजतलें?

पेडण्याचा कडू:
समजतं, म्हणूनच राग येतो.

(इथून पुढचे एकवीस प्रतिसाद 'राजभाषा: जुनंच भांडण' या धाग्यावर हलवले आहेत. कृपया विषयावर राहा. — संपादक)

सिग्नलवाला (निवृत्त):
संपादकांचे आभार. लष्कराच्या चौकीवर आम्ही दोन गोवेकर होतो, मी फोंड्याचा आणि एक काणकोणचा. आमची भांडणं हिंदीत व्हायची, कारण एकमेकांची कोंकणी आम्हाला हास्यास्पद वाटायची. शुक्रवारच्या बाईंचा मुद्दा मात्र खरा आहे. बदलीची वर्षं रहिवासात धरायला काय जातं?

भरतीला गेलेला:
सगळे काकालोक पेन्शनवर भांडतायत, मला हसू येतंय. मी अग्निवीरच्या भरतीला दोनदा गेलो. दुसऱ्यांदा धावण्यात काही सेकंदांनी बाद. तेव्हा रडलो, आता वाटतं सुटलो. चार वर्षं, मग शंभरातले पंचवीस आत आणि पंचाहत्तर बाहेर. सेवानिधी म्हणून अकरा-बारा लाख एकरकमी, पेन्शन नाही, माजी सैनिक हा दर्जा नाही. निमलष्करी दलात राखीव जागा मिळतील म्हणतात. तिठ्यावरच्यांनी खूश व्हायला हवं. कँटीनच्या रांगेचा प्रश्न सरकारने मुळातूनच सोडवलाय.

तिठ्यावरचा:
टोमणा पोचला. पण चार वर्षांत बारा लाख आमच्या गावात कोणाला मिळतात? उगाच गरिबी सांगू नका. सैन्य म्हणजे रोजगार योजना नव्हे.

हवालदाराची लेक (वाळपई):
तिठ्यावरचे, तुमचं एक बरोबर आहे. दुसरी सही बाबांची राहिली. मी चौदा महिने त्यांच्यावरही चिडले होते, फोटोसमोर उभी राहून भांडले आहे. पण खोटी विधवा पकडण्यासाठी कागद मागणं वेगळं आणि कुठला कागद हवा तेच न सांगणं वेगळं. आम्ही पाठवलेले कागद तीनदा परत आले. दरवेळी शेरा तोच, 'अपूर्ण'. काय अपूर्ण ते लिहिलेलं नाही. क्लार्क पोराने फोनवर चार मिनिटांत सांगितलं, दोन्ही नावं एकाच बाईची असं प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार, सरपंचांचं पत्र. ही चार मिनिटं त्या शेऱ्यात लिहिता आली असती.

आणखी एक, यावर कोणी बोललंच नाही. आमच्या वाड्यावर एक म्हातारे आहेत, पंधरा वर्षं पुरी व्हायच्या आत घरी आले, म्हणून पेन्शन नाही. अशा पासष्टीच्या वरच्या, हवालदारापर्यंतच्या गरिबांना महिना चार हजार मिळायचे, नोव्हेंबर २०२५ पासून आठ हजार. ते येतात कुठून? ध्वजनिधीतून. म्हणजे ७ डिसेंबरला शाळेत पोरं दहा रुपये देऊन जे स्टिकर छातीवर लावतात, त्या वर्गणीतून. तोफा अर्थसंकल्पातून, म्हाताऱ्याचं जेवण वर्गणीतून. देणारे चांगलेच आहेत. पण वर्गणी कमी पडली तर त्याने जाब कोणाला विचारायचा, तिसरीतल्या पोराला?

सिग्नलवाला (निवृत्त):
हे मलासुद्धा नीट माहीत नव्हतं. चाळीस वर्षं स्टिकर लावतोय.

भाटातला:
त्या म्हाताऱ्यांना आठ हजार मिळतात की नुसते जाहीर झालेत?

हवालदाराची लेक (वाळपई):
अर्ज भरलाय. पोर्टलवर 'प्रलंबित' दिसतं. मी दर सोमवारी बघते, ते दर मंगळवारी येऊन विचारतात.

म्हापशाची शुक्रवारची:
माझ्या प्रश्नाचं उत्तर कोणीच दिलं नाही, सगळे भाषेवर गेले. मुलाला पुण्यात खाजगी नोकरी लागली. झालं, आता तो कायमचाच 'गोव्यात न राहिलेला'.

तिठ्यावरचा:
वर्गणीचं मला माहीत नव्हतं. ठीक आहे, ते चुकीचंच आहे. बाकी माझं मत तेच. सगळ्यांना द्या नाहीतर कोणालाच नको.

ताई, ते दोन नावांच्या प्रतिज्ञापत्राचा नमुना आहे का तुमच्याकडे? माझी मावशी. काका नेव्हीतून निवृत्त झालेले, गणपतीआधी वारले. तिचंही नाव लग्नात बदललेलं. दुसरी सही झाली होती का, ते तिला आठवत नाही.

हवालदाराची लेक (वाळपई):
खाजगी संदेशात पाठवते. रजिस्ट्रारकडे लग्नाच्या वर्षाचं पुस्तक आधी शोधायला सांगा, नक्कल मागून घ्या, तोंडी विचारून येऊ नका. आणि काकांच्या ट्रंकेतला एकही कागद टाकू नका, फाटका असला तरी.

कँटीनची बाटली मात्र मागू नका. आईचं कार्ड डिसेंबरपासून मशीन घेत नाहीये.